चैत्रातली जा-ये

महाराष्ट्र शासनानं 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हे दिवस पक्षी सप्ताह म्हणून नेमून दिले. पाच तारखेला पक्षिअभ्यासक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बारा तारखेला पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचा. दिवस चांगले निवडलेत. हवा गार असते, तळी तुडुंब असतात, उत्तरेतून आलेली बदकं नुकती उतरलेली असतात आणि शाळांना सहल काढायला सोयीचं पडतं. पाणपक्ष्यांची आशियाभर होणारी मोजणीसुद्धा जानेवारीत असते. आलेल्यांची अशी चोख नोंद होते. फाल्गुन-चैत्रात मात्र ऊन चढतं, मुलांच्या परीक्षा येतात, दुर्बिणी कपाटात जातात आणि नेमकी तेव्हाच ही सगळी पाखरं मागं फिरतात.

माझ्या तळेगावातल्या जुन्या माणसांचं उलटं होतं. पाखरं आली कधी, असं विचारलं तर "पाऊस उघडल्यावर कधीतरी" एवढंच उत्तर मिळायचं. गेली कधी, ते मात्र प्रत्येकाला ठाऊक. भोरडी उंबर सरले की जाणार, वारकरी बीज झाली की, धोबी शिमग्याची राख निवली की. यातल्या एकाच्याही हातात कधी दुर्बीण आली नाही. निसर्गप्रेम वगैरे शब्द त्यांच्यापुढं काढले असते तर त्यांना हसूच आलं असतं. तरी त्यांना या तारखा का माहीत होत्या, हे कोडं मला पुष्कळ वर्षं पुरलं.

पुस्तकांतून शिकलेल्यांच्या डोक्यात वसंत म्हणजे पाखरं परतून येण्याचा ऋतू असतो. तो वसंत उत्तरेतला. तिकडं बर्फ वितळतं, किडे निघतात, दिवस लांबतो आणि कझाकस्तानच्या माळांवर, सायबेरियाच्या दलदलीत पाखरं येऊन पोचतात. ती ज्या गावांहून निघतात त्यातलं एक आपलं. मावळात चैत्र लागला की कोकीळ गळा काढतो, आंब्याला कैऱ्या धरतात आणि तळं ओकंबोकं होतं.

तळेगाव दाभाडे हे मावळाच्या उगवतीच्या कडेचं गाव. लोणावळ्यात धबाधबा कोसळणारा पाऊस इथं येईतो निम्म्याहून कमी होतो. मागं आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ, तिन्ही भाताची खोरी. पुढं इंदोरी, चाकणच्या अंगाला मोकळं रान सुरू होतं आणि तिथं ज्वारीही येते. माझी आजी आंदर मावळातली. भाताच्या मुलखातून ज्वारीच्या मुलखात दिलेली, म्हणून आयुष्यभर थोडी रुसलेली. भात राखायला जंगलातलं जनावर हाकलावं लागतं, ज्वारी राखायला पाखरू, आणि पाखरू जास्त हट्टी, असं तिचं मत होतं. तिची सगळी पक्षिविद्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवताना झालेली.

भोरडी म्हणजे पुस्तकातली पळस मैना, कुणी गुलाबी मैनाही म्हणतात. डोकं, गळा, पंख, शेपूट काळं, बाकी अंग गुलाबी. थवा आला की शेतावर ढगाची सावली पडावी तसं होतं. आजी म्हणायची, भोरडीची आपल्या गावात तीन जेवणं होतात: कणीस, फूल आणि उंबर. तिसरं जेवून उठली की ती गेली.

हा हिशेब मी पुढं पक्ष्यांच्या पुस्तकांशी पडताळून पाहिला तेव्हा तो जवळजवळ तंतोतंत निघाला. भोरडी उत्तरेतून आपल्याकडं येणाऱ्यांत अगदी पहिली, पश्चिम भारतात जुलै-ऑगस्टातच दिसू लागते. पिकं उभी असतात तोवर दाणे आणि टोळ-नाकतोडे. ज्वारी निघाली की सावर, पळस, पांगारा. या फुलांतल्या रसासाठी ती इतकी भांडते की झाडाखाली पाकळ्यांचा सडा पडतो आणि चोचीला पराग माखतात. मग वड, पिंपळ, उंबर, तुती यांची फळं. एप्रिल सरता सरता मोठे थवे नाहीसे होतात. मध्य आशियात मे-जूनमध्ये टोळांची पिल्लावळ निघते, तिच्यावर भोरडीची पिल्लं वाढतात, आणि दोन-तीन महिन्यांत सगळा संसार आटोपून ती पुन्हा आपल्या वाटेला लागते. वर्षाचा मोठा भाग ती आपल्याकडं काढते. तरी तिला आपण पाहुणी म्हणतो, कारण घरटं तिकडं.

या कथेचं दुसरं टोक कळलं तेव्हा आजी हयात नव्हती, नाहीतर तिला सांगायला मजा आली असती. चीनच्या शिंजियांग प्रांतात कुरणांवर टोळांचा उपद्रव फार. तिथल्या लोकांनी औषधं फवारण्यापेक्षा भोरडीलाच बोलवायचं ठरवलं आणि तिला अंडी घालायला सोयीच्या जागा मिळाव्यात म्हणून दगडांचे ढीग रचून दिले, घरटी बांधून दिली. ज्या पाखरावर आजीनं गोफणीतून दगड सोडले त्याच पाखरासाठी तिकडं माणसं दगड रचत होती. दोघांचंही बरोबर होतं. भोरडी एका गावात दाणा खाते आणि दुसऱ्या गावात दाण्याचा शत्रू खाते. एवढंच की तिच्या दोन्ही गावांची एकमेकांशी ओळख नाही.

आजीच्या हिशेबाला फुलं-फळं तरी होती. वारकऱ्यांचा हिशेब सरळ पंचांगावर चालायचा. वारकरी म्हणजे पाण्यावरचा काळा पक्षी, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. मान पुढं-मागं करत थव्यानं तरंगतो, पाण्यावर पाय आपटत धावल्याशिवाय त्याला उडता येत नाही. इंद्रायणीच्या खालच्या अंगाला देहू. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीज. त्या दिवशी भर दुपारी देहूतलं नांदुरकीचं झाड हलतं, अशी श्रद्धा आहे. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं पहाटे उठून चालत देहूला जायची आणि संध्याकाळी परतल्यावर हमखास कुणीतरी म्हणायचं, "बीज झाली. आता तळ्यातले वारकरी पण हालले म्हणून समज."

म्हण सुंदर आहे. पण तपासल्यावर अर्धीच टिकते. वारकरी हा पक्षी भारतात बारमाही राहतो आणि वीणही करतो. हिवाळ्यात त्यांच्यात उत्तरेकडच्या वारकऱ्यांची भर पडते. म्हणजे बिजेनंतर गर्दी ओसरते हे खरं, सगळे जातात हे खरं नाही. पाच-पन्नास लव्हाळ्याच्या आडोशाला राहतातच. शिवाय बीज चंद्राच्या चालीनं येते आणि पाखरं सूर्याच्या चालीनं जातात. 2024 मध्ये बीज 27 मार्चला होती, 2026 मध्ये 5 मार्चला. तीन आठवड्यांचा फरक. पाखराच्या शरीरात निघण्याची घाई सुरू होते ती मुख्यतः दिवस किती लांबला यावरून, आणि त्या मोजमापात तिथीला जागा नाही.

हे मी आजीला एकदा सांगून पाहिलं होतं, कॉलेजात नवीन नवीन गेल्यावर येते त्या ऐटीत. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अगं, अधिक महिना यायचा असला की त्या साली पाखरं बिजेनंतर रेंगाळत्यात. ते काय तू सांगायला पायजे?" आणि भाकरी तव्यावर टाकली. पंचांग सूर्याच्या पुढं पळत गेलं की अधिक मास घालून त्याला जागेवर आणतात. अधिकाच्या आधीचे सण म्हणूनच लवकर येतात. पाखरं रेंगाळत नसत, बीज घाईनं आलेली असे. आजीनं कारण उलटं लावलं होतं, पण निरीक्षण बिनचूक होतं.

निघायची घाई कशी दिसते, हे तळ्यावर मार्चमध्ये गेल्याशिवाय कळत नाही. नोव्हेंबरात उतरलेले भुवई बदकांचे नर मादीसारखेच मळकट असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्या डोळ्यावरून मानेपर्यंत ती पांढरी ठसठशीत भुवई उमटते. मळगुज्यांच्या मानेवर विटकरी रंग येतो. पांढऱ्या धोब्याचा गळा काळा होतो, पिवळा धोबी हळदीसारखा पिवळा पडतो. भोरडीच्या पिसांची मळकी टोकं झिजतात आणि आतला गुलाबी उजळतो. पाखरं खातात तर अशी, की अंगावर चरबी चढून वजन भराभर वाढतं. पुढच्या प्रवासाची शिदोरी ती अंगातच बांधून नेतात. आपण पक्षी बघायला नोव्हेंबरात जातो आणि त्यांचे नेसूचे साधे कपडे बघून येतो. सजून-धजून ती निघतात तेव्हा तळ्यावर माणूस नसतं.

या तळ्याची गोष्ट आजोबांकडची, आणि ती सगळ्या मावळात ठाऊक असलेली. 1779 च्या जानेवारीत इंग्रजांची फौज मुंबईहून बोरघाट चढून रघुनाथरावाला घेऊन पुण्याकडं निघाली होती. बरोबर ओझ्याचे बैल 19,000 वर. मराठे मागं सरत होते आणि जाताना चारा, धान्य, गावं काहीच हाती लागू देत नव्हते. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. हा गडी इतका धाडसी की मराठ्यांनी त्याला 'इष्टुर फाकडा' करून टाकलं, आणि वडगावला त्याच्या थडग्यावर अजून लोक फुलं वाहतात. शत्रूला फाकडा म्हणून नमस्कार करणारी माणसं आमच्या तालुक्यात आहेत, हे मी अभिमानानं सांगते. फौज तळेगावपर्यंत आली आणि पुढं जायची हिंमत सरली. 11 जानेवारीच्या रात्री जड तोफा मोठ्या तळ्यात लोटल्या, सामान जाळलं आणि अंधारात माघार सुरू झाली. मराठ्यांनी रात्र सरायच्या आतच गाठलं. महादजी शिंद्यांनी वडगावला कोंडलं आणि तिथं तह झाला.

एवढं इतिहासात आहे. आजोबांकडं याच्यापुढचं एक शेपूट होतं. तोफा पाण्यात पडल्या तशी तळ्यातली सगळी बदकं एकदम उठली आणि आभाळभर कालवा झाला. पलीकडं डोंगराच्या बगलेला बसलेल्या मराठी टेहळ्यानं ओळखलं, रात्री पाखरू असं उगाच उठत नाही, तळ्यावर काहीतरी चाललंय. त्यानं घोड्याला टाच मारली. म्हणजे वडगावची लढाई बदकांनी जिंकून दिली.

कागदपत्रांत बदकं नाहीत. मराठ्यांचे हेर इंग्रजी छावणीभोवती इतके होते की त्यांना पाखरांची मदत लागली असेल असं वाटत नाही. पण गोष्ट रचणाऱ्यानं महिना चुकवलेला नाही. जानेवारीचा मध्य म्हणजे बदकांचा ऐन हंगाम. हीच माघार मे महिन्यात झाली असती तर तळ्यात उठायला चार ढोकरी आणि एखादी टिटवी यांपलीकडं काही नसतं. ज्यानं ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याला तळं ओळखीचं होतं. तोफा अजून गाळात आहेत, असंही आजोबा म्हणत, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की आम्ही पोरं काठ्या खुपसत हिंडायचो. त्या काळात तोफ म्हणजे केवढी मोलाची चीज. मराठ्यांनी ती दुसऱ्या दिवशीच ओढून काढली नसेल, हे मला आता पटत नाही. लहानपणी पटायचं.

दाभाड्यांची गोष्ट तळेगावात कुणी न सांगता राहत नाही, म्हणून मीही थोडी सांगते. खंडेराव दाभाडे 1717 मध्ये शाहू छत्रपतींचे सेनापती झाले. 1729 मध्ये ते वारले. मुलगा त्रिंबकराव 1731 मध्ये डभईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांच्या विरुद्ध लढताना मारला गेला, आणि खंडेरावांच्या पत्नी उमाबाईंनी दौलत सांभाळली. पराक्रमाची बाजू सगळ्यांना पाठ असते. मला त्यातला एक वेगळाच धागा आवडतो. दाभाडे दर श्रावणात तळेगावी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. लांबलांबून शास्त्री-पंडित यायचे, परीक्षा द्यायचे, दक्षिणा घेऊन परत जायचे. डभईनंतर पेशव्यांनी हा दक्षिणेचा सोहळा, म्हणजे रमणा, पुण्याला नेला आणि थव्यांनी वाट बदलली. दाणा जिथं पडतो तिथं पाखरू उतरतं. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननं त्याच दक्षिणेच्या पैशातून 1821 मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली, तिचंच पुढं डेक्कन कॉलेज झालं. आमचे एक जुने संस्कृतचे मास्तर पुण्याच्या विद्येचं कौतुक निघालं की हात जोडून म्हणत, "मूळ दाणा तळेगावचा."

आजोबा काच कारखान्यात होते. पैसा फंडाचा काच कारखाना 1908 मध्ये तळेगावात उभा राहिला. अंताजी दामोदर काळे या शिक्षकाच्या डोक्यातली कल्पना: प्रत्येक माणसानं वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग काढावेत. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी कारखान्याला आकार दिला. इथं फुंकणी धरायला शिकलेली माणसं पुढं देशभर कारखाने काढायला पांगली.

काचेची भट्टी विझवून चालत नाही, म्हणून रात्रपाळी आलीच. भट्टीपुढची आग सोसेना झाली की आजोबा घोटभर पाणी प्यायला बाहेर ओट्यावर येत. फाल्गुनातल्या त्या रात्रींबद्दल ते एकच सांगत: वर काही दिसायचं नाही, नुसत्या शिट्ट्या ऐकू यायच्या. एक थवा गेला की जरा शांत, मग दुसरा. सगळ्या दक्षिणेकडून येऊन भंडाऱ्याच्या डोंगराच्या बाजूला विरत. बरोबरचा एक कारागीर घाबरून म्हणाला, पितर चाललेत. आजोबांनी त्याला विचारलं, "पितर भाद्रपदात येतात जेवायला. फाल्गुनात शिट्ट्या मारत कुठं निघाले?"

चिखलपायटे पक्षी आणि बदकं पुष्कळदा रात्रीच प्रवास करतात. हवा थंड आणि स्थिर असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात, आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. अंधारात थवा फुटू नये म्हणून ती एकमेकांना हाका देत जातात. आजोबांना यातलं काही वाचायला मिळालं नव्हतं. भट्टीचा उजेड डोळ्यांत भरल्यामुळं बाहेर आल्यावर त्यांना क्षणभर काहीच दिसत नसणार, आणि मला वाटतं म्हणूनच त्यांना इतकं स्वच्छ ऐकू आलं. आज त्याच आभाळाखाली द्रुतगती मार्गाची घरघर रात्रभर चालू असते. शिट्ट्या असतीलच. कान देणारा ओटा गेला.

पाखरं कुठं जातात, हे मात्र गावात कुणालाच माहीत नव्हतं. आजीच्या मते हिमालयात, आजोबांच्या मते रशियात, कारण ते रोज केसरी वाचत आणि केसरीत रशिया बराच असे. आजोबा योगायोगानं जवळ गेले होते. 1959 पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, सालिम अलींच्या पुढाकारानं, पाखरांच्या पायात कड्या घालायला सुरुवात केली. कडीवर क्रमांक, आणि कडी सापडल्यास मुंबईला कळवा, अशी सूचना. भरतपूरला कडी घातलेली बदकं तेव्हाच्या सोव्हिएत रशियात, सायबेरियात आणि कझाकस्तानात, शिकाऱ्यांच्या हाती लागली आणि तिथून मुंबईला पत्रं आली. आर्क्टिक महासागर ते हिंदी महासागर असा हा मध्य आशियाई हवाई मार्ग आज तीस देशांचा धरतात. त्यावरून ये-जा करणाऱ्या पाणपक्ष्यांच्याच 182 जाती आहेत.

शिकार इकडंही होती. 14 जून 1858 ला खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली आणि तळेगावला स्टेशन आलं, त्याबरोबर नाताळात बंदुका घेऊन उतरणारे साहेबही आले. आजोबांच्या वडिलांच्या पिढीतली पोरं पाण्यात पडलेली बदकं पोहून काढून द्यायची, बदकामागं आणा मिळायचा. हे सांगताना घरात कुणाला वाईट वाटत नसे. आणा हा आणा होता. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बंदुका हळूहळू थंडावल्या.

त्याच सुमारास पवन मावळात धरण झालं. टाटांची वळवण, लोणावळा, शिरवटा ही धरणं त्याच्या कितीतरी आधीची. 1915 मध्ये खोपोलीचं वीजघर त्यांच्याच पाण्यावर सुरू झालं. पण ती डोंगरातली, आमच्या माणसांच्या जगण्याशी त्यांचा संबंध बेतानं आला. पवनेचं धरण घरात शिरलं. आजीचा धाकटा भाऊ पवनेकाठच्या गावात घरजावई होता; त्याचं शेत, गोठा, वस्ती सगळं पाण्याखाली गेलं. कादंबरीकार गो. नी. दांडेकर, म्हणजे गोनीदां, तळेगावातच राहत, आणि त्यांचा 'पवनाकाठचा धोंडी' जिच्या काठी वावरतो ती जुनी, वाहती पवना त्यांनी पायी हिंडून पाहिलेली. आजीच्या या भावाला, आमच्या मामाआजोबांना, वाचता येत नव्हतं. धरणाकाठी पक्षी बघायला आलेल्या पुण्याच्या मंडळींना वाट दाखवायला ते एकदा गेले होते. मंडळी म्हणाली, आजोबा, केवढी पाखरं येतात हो तुमच्याकडं. मामाआजोबा म्हणाले, "पाणी आलं, पाखरं आली, आम्ही गेलो." मंडळींनी हे कुठं लिहून घेतलं की नाही, माहीत नाही.

त्यांच्या बोलण्यात मी एवढीच भर घालीन की खोल, उभ्या काठांचं पाणी बदकांना फारसं उपयोगाचं नसतं. डोकं बुडवून, शेपूट वर करून चरणाऱ्या तलवार बदकाला, चक्रांगाला गुडघाभर पाणी आणि तळाचा चिखल लागतो. ते गावतळ्यात असतं, ओढ्याच्या तोंडाशी असतं, धरणाचं पाणी मार्चमध्ये उतरलं की त्याच्या कडेला उघडं पडतं. म्हणून जायच्या आधीचे शेवटचे आठवडे पाखरं या उघड्या काठांवर गर्दी करतात. आणि म्हणून जलपर्णीनं झाकलेलं तळं त्यांच्या लेखी कोरडंच. वरून हिरवंगार दिसलं तरी चोच घालायला जागा नाही.

आता तात्यांकडं येते. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, मुंबईत डबेवाले. डबेवाल्यांत मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर इथलीच माणसं भरलेली. महादेव हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये हा धंदा उभा केला तेव्हापासून या डोंगराकडेच्या गावांतली तरुण पोरं मुंबईला जाऊ लागली. वर्षभर तात्यांचं दर्शन दिवाळीलाही धड व्हायचं नाही. पण चैत्र आला की गावोगावच्या देवांच्या जत्रा लागतात, आणि मुंबईचे डबेवाले एप्रिलात काही दिवस काम बंद ठेवून सगळेच्या सगळे गावी येतात. पालखीला खांदा, छबिन्याला हजेरी, बैलगाड्यांच्या शर्यतीला आरडाओरडा, तमाशाला पुढची जागा. त्याच दिवसांत कार्ल्याला एकवीरेची जत्रा; चैत्र शुद्ध सप्तमीच्या पालखीसाठी रायगड-मुंबईच्या किनाऱ्यावरून कोळी-आगरी मंडळी वाजतगाजत घाट चढून येतात.

म्हणजे मावळच्या चैत्रात आभाळ रिकामं होतं आणि रस्ते भरतात. हिवाळ्यात गावात म्हातारी, बायका आणि बदकं. चैत्रात बदकं जाऊन पुरुष येतात, असं आजी एकदा म्हणाली होती, आणि आमच्या घरातल्या सुनांना ते इतकं आवडलं की तात्यांच्या तोंडावरच त्यांना कुणी बदक म्हणू लागलं. तात्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. उलट एका जत्रेच्या रात्री, जेवणं उरकल्यावर, त्यांनीच विषय काढला. पाखरांच्या जाण्याच्या तारखा आपल्या घरात एवढ्या कशा पाठ, याबद्दल मी काहीतरी बोलत होते. तात्या म्हणाले, "आम्ही गावी निघालो की मुंबईत पेपरात बातमी येते. तुझ्या तळ्यातली बदकं गेली तर येते का?"

येत नाही.

"का येते आमची? आम्ही कुणी मोठे म्हणून न्हाई. दुपारचं जेवण अडतं म्हणून. तुझ्या आजीला भोरडी कधी गेली ते ठावं, कारण भोरडी उठल्याबिगर माळा सुटत नव्हता. त्या दिवशी ती खाली उतरून नीट जेवायची."

आजी शेजारीच बसली होती. तिनं त्यांचं बोलणं खोडून काढलं नाही, फक्त तपशील दुरुस्त केला. भोरडी गेली की लगेच जेवायला मिळत नसे. आधी मळणी, मग पाखडणी, मग सावकाराचं माप, आणि मग उरलं तर. वारकऱ्यांचंही तेच: बीज संपली की देहूला आलेली माणसं गावातून परत जायची आणि पाठच्या आठवड्यात तळ्यात गुरं धुवायला सुरुवात व्हायची, तेव्हा पाण्यावर कोण आहे, कोण नाही, हे आपोआप दिसायचं. धोबी तर अंगणातच; त्याची शेपटी हलायची थांबली की अंगण सारवायला घ्यायचं, कारण वाळवण-पापडांचे दिवस आले. आजोबांच्या शिट्ट्यांचं तिनं काही सांगितलं नाही. त्या एकट्यांच्या होत्या आणि कुठल्या कामाला बांधलेल्या नव्हत्या.

तात्यांची सुट्टी संपली की ते पहाटेच्या लोकलनं लोणावळ्याकडं जाऊन पुढची गाडी पकडत. चर्चगेटला एका साहेबाच्या टेबलावर डबा वेळेत जायचा होता. घरात कुरडयांचा चीक शिजत होता, आणि झाडावर पावशा 'पेरते व्हा' म्हणत ओरडायला अजून महिना होता.